एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी भीती जात नाही? मग हे क्रमाने करा

आयसीटीसीमधल्या, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रातल्या कुठल्याही समुपदेशकाला विचारा. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात देणं जड जातंच, पण त्यांना दमवणारा माणूस वेगळाच असतो. त्याच्याकडे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेवार लावलेले पाच-सहा रिपोर्ट असतात, सगळे निगेटिव्ह. आणि त्याचा प्रश्न एकच असतो, "मॅडम, हे नक्की ना?" मॅडम नक्की म्हणतात, त्याला हायसं वाटतं, आणि सिव्हिलच्या गेटपर्यंत पोचेपर्यंत डोक्यात नवीन शंका उभी राहते: सॅम्पल बदललं असेल तर?

हा लेख अशा माणसासाठी आहे. इथे कामं दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळायची नाहीत. पहिलं काम रिपोर्टचं. तो विश्वास ठेवण्याजोगा आहे का, हे एकदाच आणि नीट तपासायचं. दुसरं काम भीतीचं. रिपोर्ट पक्का ठरल्यावरही जी भीती उरते ती विषाणूमुळे आलेली नसते, त्यामुळे रक्त तपासून ती जात नाही. तिचा इलाज निराळा आहे आणि तो उपलब्धही आहे.

सगळ्यात आधी एक अपवाद. धोक्याची घटना घडून ७२ तास झाले नसतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग किंवा एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांचं सरकारी केंद्र गाठा. संसर्ग रोखणाऱ्या गोळ्यांचा २८ दिवसांचा कोर्स असतो, त्याला पीईपी म्हणतात. तो ७२ तासांच्या आत आणि जितका लवकर तितका चांगला. गोळ्यांची गरज आहे की नाही ते डॉक्टर धोका पाहून ठरवतील.

पहिली पायरी: धोका खरंच होता का?

बरेच जण ही पायरी गाळून थेट लॅबमध्ये जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एचआयव्ही पसरण्याचे मार्ग मोजकेच आहेत: कंडोमशिवाय योनीमार्गाने किंवा गुदमार्गाने झालेला संभोग, एकमेकांच्या सुया-सिरिंज वापरणं, दूषित रक्त चढवलं जाणं, आणि आईकडून बाळाला. बस्स.

पाणीपुरीवाल्याच्या बोटाला जखम होती, थिएटरच्या सीटमध्ये सुई खोचलेली होती, एसटी स्टँडवरच्या शौचालयात बसलो होतो, डास चावला, त्या व्यक्तीने ओठांचं चुंबन घेतलं... यातले पहिले दोन किस्से तर कितीतरी वर्षं फिरत आहेत, आधी पत्रकांवर, आता व्हॉट्सअॅपवर. यातल्या कशासाठीही चाचणीची गरज नाही. हा विषाणू शरीराबाहेर फार नाजूक असतो. पाणीपुरीच्या चिंचेच्या पाण्यात किंवा शौचालयाच्या भांड्यावर तो वाट बघत बसत नाही. सलूनमधल्या वस्तऱ्याचं विचाराल तर तिथला धोका नगण्य आहे. तरी नवीन ब्लेड लावायला सांगाच, कारण हिपॅटायटिस बी त्याहून चिवट आहे. जत्रेत एकाच सुईने ओळीने सगळ्यांना टॅटू काढला असेल, तर मात्र एकदा तपासून घ्यावं.

आता जिथे धोका होता तिथे तो किती असतो? अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेचे अंदाज असे आहेत. समोरची व्यक्ती एचआयव्हीबाधित आहे, उपचारावर नाही आणि कंडोम वापरलेला नाही असं धरलं, तर एका वेळच्या योनीमार्गाच्या संभोगात पुरुषाला संसर्ग होण्याची शक्यता १०,००० मध्ये सुमारे ४, आणि स्त्रीला सुमारे ८. गुदमार्गाने स्वीकारणाऱ्या जोडीदाराला १३८. वापरलेल्या सुईने नशा केल्यास ६३. मुखमैथुनाचा आकडा इतका लहान आहे की तो नेमका मोजताच येत नाही. पुन्हा सांगतो, हे समोरची व्यक्ती बाधित आहे असं गृहीत धरून. ती आहे की नाही हेच माहीत नसेल तर शक्यता आणखी खाली येते.

"एकदा चुकलो म्हणजे लागण झालीच" हे वाक्य ज्यांच्या डोक्यात फिरतं त्यांनी हे आकडे पाहावेत. बेफिकीर व्हा असं कुणी म्हणत नाही. एकाच प्रसंगात लागण झालेली माणसंही असतात, म्हणून चाचणी करायची. पण आपलं मन जो अंदाज बांधतं तो शेकडा ९० चा असतो, आणि खरा आकडा दहा हजारांत मोजावा लागतो.

दुसरी पायरी: कोणती चाचणी, कितव्या दिवशी

संसर्ग झाल्यापासून चाचणीत तो दिसेपर्यंतच्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. सगळी भांडणं या दोन शब्दांवर होतात, कारण तो चाचणीप्रमाणे बदलतो आणि हे कुणी सांगत नाही.

शरीरात विषाणू शिरला की आधी रक्तात त्याचा स्वतःचा अंश म्हणजे आरएनए दिसू लागतो, मग त्याचं पी-२४ नावाचं प्रथिन, आणि त्यानंतर आपल्या शरीराने बनवलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. चाचणी यातलं काय शोधते त्यावर दिवस ठरतात.

आयसीटीसीत, ग्रामीण रुग्णालयात किंवा शिबिरात होते ती साधारणपणे रॅपिड किंवा कार्ड टेस्ट. ती मुख्यतः अँटिबॉडी शोधते. यात संसर्ग २३ ते ९० दिवसांत दिसू लागतो, म्हणून तिच्यासाठी शेवटचा आकडा ९० दिवसांचा, म्हणजेच तीन महिन्यांचा.

खासगी लॅबच्या यादीत "एचआयव्ही फोर्थ जनरेशन", "एचआयव्ही कॉम्बो" किंवा "एचआयव्ही १ आणि २ अँटिजेन-अँटिबॉडी" असं लिहिलेलं असतं ती दंडातल्या शिरेतून रक्त घेऊन मशीनवर होते. पी-२४ आणि अँटिबॉडी ती दोन्ही शोधते. तिच्यासाठी १८ ते ४५ दिवस. संसर्ग झालेल्या १०० जणांपैकी ९९ जण ४५ दिवसांच्या आत या चाचणीत सापडतात.

आरएनए तपासणारी, म्हणजे लोक जिला पीसीआर म्हणतात ती, १० ते ३३ दिवसांत संसर्ग दाखवू शकते. ती महाग आहे आणि भीतीपोटी करून घेण्याची ती चाचणी नव्हे. तिच्यावरचा निगेटिव्ह निकालही पुढे अँटिबॉडी चाचणीने पक्का करावा लागतोच. तीन महिन्यांनी केलेली आयसीटीसीतली मोफत कार्ड टेस्ट तुम्हाला जे निश्चित उत्तर देते, ते विसाव्या दिवशी हजारो रुपये मोजून केलेली पीसीआर देऊ शकत नाही.

मग सहा महिन्यांचं काय? जुन्या पुस्तकांत, पत्रकांत आणि कितीतरी वेबसाइटवर "सहा महिने थांबा" असं आजही सापडतं. पहिली चाचणी १९८५ मध्ये अमेरिकेत आली, त्या पिढीच्या चाचण्या अँटिबॉडी बऱ्याच उशिरा पकडायच्या. किट सुधारत गेली, वाक्य मात्र तसंच छापलं जात राहिलं. आजच्या चाचण्यांवर सर्वसाधारण माणसाने सहा महिने वाट बघण्याचं कारण नाही.

अपवाद थोडे आहेत आणि तेही सांगून टाकतो, नाहीतर रात्री दोन वाजता तुम्ही ते शोधणारच. पीईपीच्या गोळ्या घेतल्या असतील, किंवा संसर्ग टाळण्यासाठी प्रेप घेत असाल, तर अँटिबॉडी उशिरा तयार होऊ शकतात. तुमचं वेळापत्रक डॉक्टरांकडूनच घ्यायचं, वरचा हिशोब स्वतःला लावायचा नाही. केमोथेरपी चालू असणं, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असणं किंवा जन्मजात प्रतिपिंडं कमी तयार होण्याचा विकार असणं, यातही डॉक्टरांना विचारावं. सर्दी, अॅसिडिटीच्या गोळ्या, अँटिबायोटिक, मधुमेह, थायरॉइड, जिमची प्रोटीन पावडर, आदल्या रात्रीची दारू, उपाशीपोटी न जाणं: यामुळे संसर्ग लपत नाही.

तर दिवस मोजा. शेवटच्या धोक्याच्या प्रसंगाची तारीख, रक्त दिलं ती तारीख, मधले दिवस. कॅलेंडरवर, बोटांवर नको.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. फुकटात तपासणी होईल आणि कुणाला कळणारही नाही, म्हणून रक्तदान शिबिरात जाऊन रक्त देऊ नका. तुम्ही खरंच विंडो पिरियडमध्ये असाल तर ते रक्त कुणाच्या तरी बाळंतिणीला, कुणाच्या तरी थॅलेसेमियाच्या मुलाला चढेल. आयसीटीसीत चाचणी मोफतच आहे. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. केंद्र कुठे आहे ते १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं.

तिसरी पायरी: रिपोर्ट वाचायचा कसा

कागद समोर घ्या. नाव, वय, सॅम्पल घेतल्याची तारीख, चाचणीचा प्रकार, निकाल. निकालात "नॉन-रिअॅक्टिव्ह" किंवा "निगेटिव्ह" लिहिलेलं असेल. दोन्हीचा अर्थ तुमच्यासाठी एकच.

कार्ड टेस्टची छोटी पट्टी बघितली असेल तर तिच्यावर "सी" म्हणजे कंट्रोलची रेघ असते. ती उमटली म्हणजे किटने काम केलं. ती नसेल तर चाचणी बाद धरून पुन्हा केली जाते. किट खराब असेल तर निगेटिव्ह दिसेल ही शंका त्या एका रेघेने मिटते; ती रेघ तिथे त्यासाठीच आहे.

"माझ्यावर एकच किट वापरलं, मित्राच्या मित्रावर तीन वापरली, म्हणजे माझी तपासणी अर्धवट झाली." ही शंका वारंवार येते. आपल्याकडची पद्धत अशी आहे: पहिली चाचणी नॉन-रिअॅक्टिव्ह आली की निकाल निगेटिव्ह. ती रिअॅक्टिव्ह आली तरच वेगळ्या प्रकारच्या आणखी दोन किटवर तपासून मग पॉझिटिव्ह म्हणतात. पहिलं किट मुद्दाम अतिसंवेदनशील निवडलेलं असतं. संसर्ग सुटू नये म्हणून ते अधूनमधून निरोगी माणसालाही रिअॅक्टिव्ह दाखवतं, आणि पुढच्या दोन चाचण्या ती चूक पकडतात. म्हणजे या व्यवस्थेचा कल उगाच पॉझिटिव्ह दाखवण्याकडे आहे, उगाच निगेटिव्ह दाखवण्याकडे नाही. तीन किट वापरली नाहीत यात तुमच्यासाठी चांगलीच बातमी आहे.

मशीनवरच्या रिपोर्टमध्ये एक आकडा छापतात आणि तो आकडा चिंता करणाऱ्याचा दुश्मन आहे. ०.०९, ०.१६, ०.२१ असं काहीतरी. बहुतेक मशीनवर १.०० च्या खाली नॉन-रिअॅक्टिव्ह. फोल्डरवाला माणूस तीन रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडतो आणि म्हणतो, "बघा, जानेवारीत ०.०९ होतं, मार्चमध्ये ०.१६ झालं. वाढतंय." वाढत नाहीये. हा मशीनच्या सिग्नलचा आकडा आहे, रक्तातल्या विषाणूचा नाही. तेच रक्त तासाभराने पुन्हा लावलं तरी तो थोडा इकडेतिकडे होईल. रेषेच्या खालच्या आकड्यांची आपसात तुलना करायची नसते. जमलं तर रिपोर्टवर त्या रकान्यावर कागदाची पट्टी चिकटवा. हे गमतीने म्हणत नाही.

आता थोडं गणित, कारण काहींच्या मनाला शब्दांपेक्षा आकडे पटतात. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. समजा १ लाख माणसं तपासली. त्यात २०० बाधित. संसर्ग झालेल्या १,००० पैकी ९९५ पकडणारं किट धरा. विंडो पिरियड उलटून गेलेला आहे. २०० पैकी १ सुटेल. बाकी सुमारे ९९,८०० निगेटिव्ह रिपोर्ट खरे. म्हणजे तुमच्या हातातला रिपोर्ट त्या एका माणसाचा असण्याची शक्यता लाखात सुमारे एक. तुमचा धोका सरासरीपेक्षा जास्त होता असं म्हणत असाल तर चला, पाचपट धरू. तरीही लाखात पाच. शंभर टक्के खात्री नसतानाही आपण रोज मोटारसायकलला किक मारतोच.

चौथी पायरी: "पण लक्षणं आहेत त्याचं काय?"

इथे थोडं थांबावं लागेल, कारण माणूस अडकतो तो इथेच.

एचआयव्हीच्या सुरुवातीच्या आजाराची लक्षणं साधारण २ ते ४ आठवड्यांत येतात: ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, गाठी सुजणं, अंगदुखी. काही दिवस किंवा दोनेक आठवडे राहतात आणि जातात. बऱ्याच जणांना काहीच होत नाही. ही यादी एकदा वाचली की ती कुठल्याही व्हायरल तापाला, डेंग्यूला, पावसाळ्यातल्या सर्दीलाही तंतोतंत बसते हे लक्षात येईल. लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. म्हणूनच तर चाचणी आहे.

याची उलट बाजू जास्त कामाची आहे. तुमची लक्षणं चार महिन्यांपासून चालू आहेत आणि ती एचआयव्हीमुळे आहेत असं क्षणभर मानू. मग शरीराने एव्हाना विषाणूशी झुंज घेतलेली असणार, आणि त्या झुंजीत तयार झालेली अँटिबॉडी रक्तात भरपूर असणार. ती असती तर चाचणीत दिसली असती. लक्षणं आहेत पण चाचणीत काहीच नाही, याचा अर्थ लक्षणांचं कारण दुसरं आहे. आणि प्रतिकारशक्ती ढासळून येणारा जिभेवरचा पांढरा थर किंवा वजन झपाट्याने उतरणं, ही उपचार न घेतल्यास सहसा कित्येक वर्षांनी येणारी स्थिती आहे, त्या प्रसंगानंतर सहाव्या आठवड्यात येणारी नव्हे.

मग होतंय काय? सततच्या भीतीने शरीरात खरेच बदल होतात. भूक मरते, वजन दोन-तीन किलो उतरतं, पोट बिघडतं, रात्री घामाने जाग येते, तोंड कोरडं पडून जिभेवर थर दिसतो, हातापायाला मुंग्या येतात. मानेतल्या गाठी तर अनेकांना बोटांना लागतातच. दिवसातून पंचवीस वेळा त्याच जागी दाबून बघितलं की तिथे दुखू लागतं, आणि दुखतंय म्हणून पुन्हा दाबून बघितलं जातं. आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून जीभ बघणाऱ्यांना काय म्हणतोय ते बरोबर कळेल.

तरीही लक्षणांकडे दुर्लक्ष करा असं सांगणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन घटणं हे असेल तर आपल्याकडे पहिला संशय टीबीचा घ्यायचा आणि थुंकी तपासायची. लघवीला जळजळ, गुप्तांगावर फोड किंवा स्राव असेल तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात दाखवा. सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांचीही एकदा तपासणी करून घ्या. एचआयव्हीच्या धास्तीत या बरे होणाऱ्या किंवा आटोक्यात येणाऱ्या गोष्टी राहून जातात. एक फॅमिली डॉक्टर धरा, त्यांना सगळं सांगा आणि त्यांच्यावर सोडा. पाच डॉक्टरांना प्रत्येकी अर्धी गोष्ट सांगितली की पाच वेगळी उत्तरं मिळतात, आणि चिंतेला खायला पाच घास.

पाचवी पायरी: निर्णय लिहून ठेवा

वरचं सगळं तपासलं, दिवस पूर्ण झालेले आहेत, अपवादात तुम्ही बसत नाही. आता एका कागदावर शांत डोक्याने पुढचं लिहा, शक्यतो समुपदेशकासमोर:

"धोक्याची तारीख अमुक. चाचणी फोर्थ जनरेशन, ५२ व्या दिवशी, नॉन-रिअॅक्टिव्ह. आयसीटीसीत कार्ड टेस्ट, ९४ व्या दिवशी, निगेटिव्ह. या प्रसंगासाठी तपासणी संपली. नवीन धोका झाल्याशिवाय पुन्हा तपासणार नाही." खाली सही आणि तारीख.

बाकीचे जुने रिपोर्ट फोल्डरमधून काढा, शेवटचा एक ठेवा. मोबाइलमधले रिपोर्टचे फोटोही पुसा. हा कागद धीर मिळवण्यासाठी रोज वाचायचा नाही. निर्णय आधीच झालाय, रात्री अकराच्या घाबरलेल्या मनाला तो नव्याने घ्यायचा नाही, एवढंच त्याचं काम.

सहावी पायरी: भीतीवरचा इलाज

भीतीचं चाक कसं फिरतं ते आधी बघू. शंका येते, अस्वस्थ वाटतं. मग आपण काहीतरी करतो: गुगल, गाठ दाबणं, हेल्पलाइनला फोन, नवीन लॅब. थोडा वेळ बरं वाटतं. मेंदू शिकतो की शंका आली की तपासायचं, तपासलं की सुटका. पुढची शंका लवकर येते आणि आधीपेक्षा जास्त तपासणी मागते. खाजवल्याने खरूज वाढावी तसं हे आहे. सातवा रिपोर्ट काढून फायदा होत नाही तो याचमुळे. तो रिपोर्ट चुकीचा असतो म्हणून नव्हे.

म्हणून इलाज शंकेवर नाही, शंकेनंतरच्या कृतीवर करायचा. हे थेरपिस्टकडे सीबीटीत, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात शिकवतात. सुरुवात घरीही करता येते.

एक आठवडा नुसती नोंद ठेवा. वहीत तीनच गोष्टी: वेळ, काय शंका आली, मी काय केलं. बहुतेकांना दिसतं की शंका ठरावीक वेळी येतात, झोपण्यापूर्वी, एकटं असताना, बायकोने प्रेमाने काही विचारल्यावर. हा तिसरा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग उशीर करायला शिका. गाठ दाबायची किंवा गुगल करायची इच्छा झाली की स्वतःला "नाही" म्हणू नका, "वीस मिनिटांनी" म्हणा. आणि त्या वीस मिनिटांत हाताला काम द्या. भांडी घासा, गाडी पुसा, कोपऱ्यावरून दूध आणा. अस्वस्थता चढते, एका उंचीवर थांबते आणि काही न करताच उतरू लागते. हा अनुभव शरीराला मिळणं महत्त्वाचं. आठवड्याने वीसची चाळीस मिनिटं करा.

मनाशी वाद घालू नका. "मला एचआयव्ही नाहीच" असं म्हटलं की मन लगेच विचारतं, "कशावरून?" त्यापेक्षा, "शंका आली. येऊ दे. तपासणी संपली आहे, मी आता जेवायला बसतो." शंभर टक्के खात्री तुम्हाला कर्करोगाबद्दल नाही, उद्याच्या प्रवासाबद्दल नाही, तरी तुम्ही जगताच ना? एचआयव्हीपुरतीच शंभर टक्के खात्रीची मागणी हा या भीतीचा हट्ट आहे. काहींना हे सुरुवातीला जमत नाही. त्यांनी संध्याकाळी १५ मिनिटं काळजीसाठी राखून ठेवावीत, दिवसभर आलेली शंका वहीत टिपून त्या वेळेवर ढकलावी. साडेसहा वाजेपर्यंत निम्म्या शंका शिळ्या झालेल्या असतात.

गुगल आणि यूट्यूब: एचआयव्हीबद्दल शोधणं पूर्ण बंद. कमी नाही, बंद. तुम्हाला लागणारी माहिती वर येऊन गेली. "निगेटिव्ह आल्यावर नंतर पॉझिटिव्ह निघाला" अशी एक गोष्ट कुठेतरी सापडेलच. ज्या लाखो लोकांचा निगेटिव्ह निगेटिव्हच राहिला ते व्हिडिओ टाकत नाहीत.

अपराधीपणाबद्दल

अशा भीतीच्या तळाशी पुष्कळदा विषाणू नसतो, प्रसंग असतो. लग्नाबाहेरचा संबंध, वेश्यावस्तीत एकदा जाणं, पुरुषाने पुरुषाशी ठेवलेला संबंध आणि तो घरात कधीच सांगता न येणं. मनाला वाटतं, मी केलं त्याची शिक्षा मिळायलाच हवी. निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे शिक्षा माफ, आणि ते मनाला पटत नाही, म्हणून रिपोर्टच खोटा ठरवला जातो. वहीतली बायकोबद्दलची नोंद इथे कामाला येते.

एचआयव्ही हा संसर्ग आहे. तो पापपुण्याचा हिशोब ठेवत नाही, नाहीतर आईच्या पोटातल्या बाळाला तो झालाच नसता. तुमच्या वागण्याबद्दल तुम्हाला वाईट वाटत असेल तर तो स्वतंत्र विषय आहे, स्वतंत्रपणे समुपदेशकाशी बोलण्याचा. घाबरलेल्या अवस्थेत मध्यरात्री जोडीदाराला उठवून सगळं सांगून टाकण्याच्या मी विरोधात आहे. त्यातून दोघांचीही झोप जाते आणि सांगणाऱ्याची भीती तशीच राहते. बोलायचं की नाही, कधी आणि कसं, हे भीती उतरल्यावर ठरवा. अपवाद एकच: शेवटची चाचणी होईपर्यंत जोडीदारासोबत कंडोम वापरायचाच, कारण तिथे प्रश्न समोरच्याच्या आरोग्याचा आहे.

आणि भीतीच्या पोटातलं ते चित्रही एकदा उजेडात बघून घ्या. समजा पॉझिटिव्ह आला असता. आज भारतात एआरटीची औषधं सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात, बहुतेकांना रोजची एक गोळी असते. वेळेत सुरू करून नियमित घेणारा माणूस नोकरी करतो, लग्न करतो, त्याला निरोगी मूल होतं, आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. ज्या एड्सची तुम्हाला भीती वाटते तो १९९० च्या दशकातल्या पोस्टरवरचा आहे, कवटी आणि दोन हाडांचा.

घरच्यांनी, मित्राने काय करावं

तुम्हाला तो रोज विचारत असेल, "मला काही होणार नाही ना?", तर रोज "नाही रे बाबा" म्हणू नका. एकदा दोघं बसून ठरवा की यापुढे उत्तर असं असेल: "याचं उत्तर तुला माहीत आहे. भीती वाटतेय ना? चल, चक्कर मारून येऊ." सुरुवातीला तो चिडेल. "वेड लागलंय तुला" हेही म्हणू नका. त्याला होणारा त्रास खरा आहे, फक्त त्याचं कारण तो समजतो ते नाही.

मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी जायचं

पक्का निगेटिव्ह निकाल येऊनही महिनाभर भीती तशीच आहे, कामावर लक्ष लागत नाही, झोप नाही, सगळा पगार लॅबमध्ये चाललाय, हात धुणं, कपडे वेगळे ठेवणं, मुलांना जवळ न घेणं सुरू झालंय. यातलं एकही असेल तर जा. याला आरोग्यचिंता म्हणतात, कधी त्यामागे ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) किंवा नैराश्य असतं, आणि या तिन्हींवर उपचार आहेत. सीबीटीची सत्रं आणि गरजेप्रमाणे औषधं. औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आठवड्यात सोडून देऊ नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

जगण्यात अर्थ नाही, संपवून टाकावं असं मनात येत असेल, तर महिना मोजत बसू नका. आत्ता १४४१६ लावा किंवा ११२, आणि तोवर घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा.

पुन्हा चाचणी कधी करायची

नवीन धोका झाला तर. जोडीदार पॉझिटिव्ह असल्याचं कळलं तर. गरोदरपणात सगळ्यांची होते तेव्हा. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालयाने संमती घेऊन करायची म्हटलं तर. डॉक्टरांनी टीबीचं निदान झाल्यावर सांगितलं तर. ज्यांचा धोका वारंवार आहे, म्हणजे एकाहून अधिक जोडीदार आहेत किंवा सुईने नशा चालू आहे, त्यांनी समुपदेशकाशी बोलून ठरावीक अंतराने करायची, आणि ते अंतर कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. जुन्या प्रसंगाची आठवण आली, किंवा कालपासून घसा खवखवतोय, हे या यादीत नाही.